एसए८०: नेम पक्का, भरवसा कच्चा

इ.स. २००० मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयासमोर एक नकोसा निर्णय उभा होता. पंधरा वर्षं सैन्याच्या खांद्यावर असलेली एसए८० ही रायफल भंगारात काढायची आणि परक्या देशाची तयार रायफल घ्यायची, की आहे तीच दुरुस्त करायची? मंत्रालयाने दुरुस्ती निवडली. जर्मनीतल्या ओबर्नडोर्फच्या हेकलर अँड कॉख या कंपनीकडे सुमारे दोन लाख शस्त्रं सोपवली. खर्च आला ९ कोटी २० लाख पौंड, म्हणजे नगामागे साडेचारशे पौंडांच्या आसपास. २००६ पर्यंत हे काम चाललं. दुरुस्तीपूर्वीच्या रायफलचं नाव एल८५ए१, नंतरच्या रायफलचं एल८५ए२.

लष्करी रायफल सुधारायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नवी नळी, नवी दुर्बीण, नवा दस्ता येतो. सगळा भर अचूकतेवर. एसए८०चं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण इथे अचूकतेची तक्रार कधी नव्हतीच. गोळी सुटली तर ती जिथे पाहिजे तिथेच लागायची. प्रश्न होता ती सुटेल का, आणि तिच्यामागची दुसरी सुटेल का. अचूकता आणि भरवसा हे दोन वेगळे गुण आहेत. ते वेगळ्या भागांत राहतात, वेगळ्या चाचण्यांत दिसतात. एकातल्या यशामुळे दुसऱ्यातलं अपयश किती वर्षं झाकलं जाऊ शकतं, हे या रायफलइतकं स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

नेम कुठून आला

एसए८० बुलपप घडणीची आहे. नेहमीच्या रायफलमध्ये मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि बोल्टची (काडतूस आत सारून नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या भागाची) यंत्रणा चापाच्या पुढे असते आणि मागे नुसता दस्ता. बुलपपमध्ये ही सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटातच बसवतात. त्यामुळे नळी आखूड न करता रायफल आखूड होते. आकडेच पाहा. तिच्याआधीची ब्रिटिश एसएलआर १,१४३ मिलिमीटर लांब होती आणि तिची नळी साधारण ५५४ मिलिमीटरची. एल८५ची एकूण लांबी फक्त ७८५, पण नळी ५१८. चिलखती गाडीच्या दारातून, हेलिकॉप्टरमधून, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या गल्ल्यांतून वावरताना एक फुटाहून जास्त लांबी वाचली आणि गोळीचा वेग फारसा घटला नाही.

ब्रिटिशांचं हे वेड जुनं. १९५१ मध्ये ॲटलींच्या मजूर सरकारने ईएम-२ नावाची बुलपप रायफल स्वीकारली होती, तिच्यासाठी वेगळं ०.२८० इंची काडतूसही तयार होतं. त्याच वर्षी चर्चिल पुन्हा सत्तेवर आले, नाटोतल्या एकवाक्यतेसाठी अमेरिकेचं ७.६२ मिलिमीटरचं काडतूस घ्यायचं ठरलं आणि ईएम-२ मागे पडली. तिच्या जागी बेल्जियन घडणीची एसएलआर आली, जी पुढे आपल्याकडेही इशापूरला बनली आणि महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या हातात कित्येक वर्षं दिसली. सत्तरच्या दशकात एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या अभियंत्यांनी बुलपपची कल्पना पुन्हा उचलली, या वेळी ४.८५ मिलिमीटरच्या काडतुसासह. नाटोच्या चाचण्यांत १९८० मध्ये कौल ५.५६ला गेला, म्हणून एनफिल्डने आपली रायफल त्या काडतुसासाठी बदलून घेतली. आतली यंत्रणा आर्मलाइट कंपनीच्या एआर-१८ या रायफलच्या वळणाची: आखूड धावेचा दट्ट्या आणि फिरून कुलूप लावणारा बोल्ट. ही यंत्रणा मुळात चांगली आहे, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत हे लक्षात ठेवायला हवं.

ऑक्टोबर १९८५ मध्ये पहिल्या रायफली सैन्याच्या हाती पडल्या. पायदळाच्या रायफलवर सुसॅट नावाची चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण होती. आज हे नेहमीचं वाटतं, पण त्या काळी साध्या पायदळ सैनिकाला सरसकट दुर्बीण देणारी सैन्यं बोटांवर मोजण्याइतकी होती. शिवाय ७.६२च्या मानाने ५.५६चा धक्का हलका, आणि भरल्या मॅगझिनसह, दुर्बिणीसह रायफलचं वजन जवळजवळ पाच किलो, म्हणजे उरलासुरला धक्काही त्या वजनात जिरायचा. बुलपपमुळे चापापासून मागच्या यंत्रणेपर्यंत लांब सळई घालावी लागते, त्यामुळे चाप जड आणि जरा चिकट लागतो. तरीही नेमबाजीचे गुण झपाट्याने वाढले. एसएलआरवर धडपडत पास होणारी मुलं एल८५ घेऊन सहज पास होऊ लागली. नेमबाजीची जुनी परीक्षा फार सोपी पडू लागल्याने ती बदलावी लागली, असं सांगितलं जातं.

चांदमारीच्या मैदानावर रायफल उत्तम होती, आणि खरेदीचे निर्णय घेणारे लोक रायफल पाहतात ती बहुतेक वेळा चांदमारीच्या मैदानावरच.

एका सेकंदात दहा वेळा

भरवसा कुठे बिघडत होता हे समजायला एका गोळीच्या मागे यंत्रणा काय काय करते ते पाहायला हवं. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागचा थोडा वायू एका छिद्रातून वर येतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्ट वाहून नेणाऱ्या कॅरियरला ढकलतो. कॅरियर मागे सरकताना बोल्ट फिरवून कुलूप सोडवतो. एक्स्ट्रॅक्टरची आकडी रिकाम्या पुंगळीला कडेने धरून चेंबरबाहेर, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्याबाहेर, ओढते. इजेक्टर तिला झटका देऊन उजव्या खिडकीतून उडवतो. स्प्रिंग कॅरियरला पुन्हा पुढे आणते, तो येता येता मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलून चेंबरमध्ये सारतो आणि कुलूप लावतो. मग हॅमर फायरिंग पिनवर पडतो. हे सगळं मिनिटाला सहाशेहून जास्त वेळा, म्हणजे सेकंदाला दहा वेळा.

आता एक काल्पनिक हिशेब करू. या साखळीत सहा पायऱ्या आहेत असं धरा आणि प्रत्येक पायरी हजारात फक्त एकदा चुकते असं माना. ऐकायला हे छानच वाटतं. पण सहा पायऱ्या मिळून एका गोळीमागे चुकण्याची शक्यता हजारात जवळजवळ सहा होते. तीस गोळ्यांचं मॅगझिन रिकामं करेपर्यंत कुठेतरी अडकण्याची शक्यता सोळा-सतरा टक्क्यांवर जाते. म्हणजे सहा मॅगझिनांमागे एक. पायदळाचा सैनिक साधारण तेवढीच मॅगझिनं अंगावर घेऊन लढतो. प्रत्येक भाग ‘नव्याण्णव टक्क्यांहून चांगला’ असूनही रायफल युद्धात निकामी ठरू शकते, ती अशी.

एल८५ए१मध्ये असे कच्चे दुवे एकाहून जास्त होते. मॅगझिनचे ओठ आणि स्प्रिंग काडतूस दरवेळी योग्य कोनात वर आणतील याची खात्री नव्हती. एक्स्ट्रॅक्टरची पकड कमजोर होती. फायरिंग पिन मोडायची. बोल्ट हाताने मागे ओढायचा उजव्या बाजूचा कॉकिंग हँडल बोल्टबरोबर मागेपुढे धावायचा, आणि बाहेर पडणारी पुंगळी कधी कधी त्याच्यावर आपटून परत खिडकीत शिरायची. मॅगझिन सोडवायची कळ इतकी उघडी होती की रायफल छातीशी धरून पळताना ती अंगाने दाबली जाऊन मॅगझिन खाली पडायचं. डास पळवायच्या औषधाने प्लास्टिकचे भाग खराब होत असल्याच्या तक्रारी होत्या. यातली एकेक तक्रार किरकोळ वाटते. संसदेत मंत्र्याला प्रश्न विचारला तर ‘तो भाग सुधारला जात आहे’ एवढं उत्तर पुरायचं, आणि काही भाग खरोखरच सुधारले गेले. कळीभोवती संरक्षक कड आली. पण साखळीतला एक दुवा पक्का केला तरी बाकीचे कच्चेच राहत होते.

१९९१च्या आखाती युद्धात वाळूने सगळं उघडं पाडलं. सौदी आणि कुवेतच्या वाळवंटातली धूळ पिठासारखी बारीक असते. ती कॅरियर ज्या दांड्यांवरून सरकतो तिथे बसते, मॅगझिनमध्ये शिरते, काडतुसांना चिकटते. यंत्रणेला मागेपुढे धावायला लागणारी ताकद वाढते, आणि ज्या रायफलकडे ताकदीची शिल्लकच कमी ती आधी थांबते. युद्धानंतर लष्कराने तयार केलेल्या अहवालात स्पष्ट नोंद होती की सैनिक कसोशीने साफसफाई करत असूनही रायफल वारंवार अडत होती आणि पायदळाचा आपल्या हत्यारावर विश्वास उरला नव्हता. पहिल्याच मॅगझिनमध्ये काहीतरी अडेल असं बहुतेक जण गृहीत धरून चालत होते. हा अहवाल फुटला, वर्तमानपत्रांत आला आणि संसदेच्या संरक्षण समितीनेही मग या रायफलची झाडाझडती घेतली.

‘कसोशीने साफसफाई करत असूनही’ हे मला या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं निरीक्षण वाटतं. तोवर प्रत्येक तक्रारीला ठरलेलं उत्तर होतं: सैनिक नीट साफ करत नाहीत. रायफल अडली की दोष हातांचा. चांदमारीवर हेच हात उत्तम गुण मिळवत होते, हे कुणी लक्षात घेत नव्हतं.

कारखाना बंद होताना बनलेली रायफल

या दोषांचं मूळ फक्त आराखड्यात नव्हतं. एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचं नाव आपल्या पिढ्यांनाही ठाऊक आहे. ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे ली-एनफिल्ड, आणि ब्रेन गन, स्टेन गन यांच्या नावातला शेवटचा तुकडाही एनफिल्डचाच. दीडशेहून जास्त वर्षांचा हा कारखाना ज्या काळात एसए८० बनवत होता, त्याच काळात थॅचर सरकार शस्त्रनिर्मितीचे सरकारी कारखाने खासगी हाती देत होतं. १९८७ मध्ये या कारखान्यांची रॉयल ऑर्डनन्स ही कंपनी ब्रिटिश एअरोस्पेसला विकली गेली, १९८८ मध्ये एनफिल्ड बंद झालं आणि उत्पादन नॉटिंगहॅमला हललं. म्हणजे आपली नोकरी जाणार हे माहीत असलेले कारागीर नव्या रायफलचे पहिले नग बनवत होते.

शस्त्रं बनवण्यात जे ज्ञान कागदावर नसतं ते अशा वेळी हरवतं. पत्र्याच्या साच्यातला भाग किती ताण देऊन वाकवला की पुन्हा सरळ होत नाही, वेल्डिंगनंतर तो किती आकसतो, उष्णता-संस्कारानंतर पिन ठिसूळ होते का, हे जुन्या माणसांच्या बोटांत असतं. एसए८०चा सांगाडा दाबलेल्या पोलादी पत्र्याचा होता. लाकूड आणि घडीव पोलाद यांची सवय असलेल्या कारखान्याला पत्र्याच्या रायफलचा अनुभव थोडा होता. पत्र्याची रायफल वाईट असते असं अजिबात नाही; जर्मन कंपन्या चाळीसच्या दशकापासून ती बनवत होत्या. पण ती वेगळी विद्या आहे, आणि ती आत्मसात करायला लागणारा वेळ एनफिल्डला मिळाला नाही.

१९९७ मध्ये नाटोने ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसांच्या चाचणीसाठी नेमलेल्या शस्त्रांच्या यादीतून एसए८०ला काढलं. ज्या शस्त्रांत नवा दारूगोळा चालवून पाहायचा त्यांचीच ही यादी. ब्रिटनसाठी ही उघड नाचक्की होती. आता ‘सैनिक साफ करत नाहीत’ हे उत्तर कुणाला देता येणार नव्हतं.

ओबर्नडोर्फची टेबलं

दुरुस्तीसाठी हेकलर अँड कॉख का, याला दोन कारणं होती. व्यवहारी कारण असं की १९९१ मध्ये ब्रिटिश एअरोस्पेसने ही कंपनीच विकत घेतली होती. २००२ पर्यंत ती त्यांच्या मालकीत राहिली. म्हणजे ज्या समूहाने रॉयल ऑर्डनन्स विकत घेऊन नॉटिंगहॅमला एसए८० बनवली, त्याच समूहाच्या जर्मन हातांकडे ती दुरुस्तीला गेली. दुसरं कारण तांत्रिक आणि मला जास्त पटणारं. हेकलर अँड कॉखने नुकतीच जर्मन सैन्यासाठी जी३६ ही रायफल बनवली होती, आणि तिची यंत्रणाही एआर-१८च्याच वळणाची होती: तोच आखूड धावेचा दट्ट्या, तोच फिरणारा बोल्ट. त्यामुळे एसए८०च्या आत डोकावताना त्या अभियंत्यांना अनोळखी काहीच दिसलं नसणार. या घराण्याची रायफल कुठे अडते आणि का, हे त्यांनी नुकतंच स्वतःच्या रायफलवर सोडवलं होतं.

त्यांनी जे केलं त्यात दिखाऊ काही नव्हतं. बाहेरून ए१ आणि ए२ शेजारी ठेवल्या तर जाणकाराशिवाय कुणाला फरक सांगता येणार नाही. सर्वांत मोठी खूण म्हणजे कॉकिंग हँडल. सरळ खुंटीच्या जागी स्वल्पविरामाच्या आकाराचा हँडल आला. त्याचा फुगीर भाग असा वळवलेला की उडणारी पुंगळी त्यावर आपटली तरी बाहेरच फेकली जाते. एका भागाचा आकार बदलला आणि एक संपूर्ण प्रकारचा अडथळा संपला. मला ही दुरुस्ती फार देखणी वाटते. जो भाग अडचण करत होता, त्यालाच कामाला लावलं.

बाकीचं काम आत. बोल्ट आणि एक्स्ट्रॅक्टर नवे झाले. पुंगळीवरची पकड वाढली, म्हणजे मळलेल्या चेंबरमधूनही ती ओढून काढता येऊ लागली. इजेक्टर बदलला. फायरिंग पिन मजबूत झाली. हॅमर बदलून अधिक वजनदार केला. वेगाने धावून आलेला कॅरियर पुढे आपटून किंचित उसळतो, आणि नेमक्या त्या क्षणी हॅमर पडला तर काडतुसावर ठोका हलका बसतो. जड हॅमरने ती शक्यता कमी केली. कॅरियरला पुढे आणणाऱ्या स्प्रिंग बदलल्या, वायूची नळी आणि तिचं बूच बदललं. आणि मॅगझिन. माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक त्यानेच पडला. जुन्याच्या जागी जाड पोलादी पत्र्याचं, नीट ओठांचं, चांगल्या स्प्रिंगचं मॅगझिन आलं. ते जड होतं आणि सैनिकांना ते वजन जाणवायचं, पण काडतूस प्रत्येक वेळी एकाच कोनात वर येऊ लागलं. स्वयंचलित रायफलींचे निम्मे आजार मॅगझिनमध्ये असतात असं जुने आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, सांगतात.

बदलायच्या यादीत मूळ रायफलची नळी नव्हती. नवी नळी बसली ती एसए८० घराण्यातल्या हलक्या मशीनगनवर, एलएसडब्ल्यूवर. रायफलची अचूकता जिथून येत होती ते भाग, म्हणजे नळी, तिच्या आतले पिळाचे आटे आणि दुर्बीण, यांना हात न लावता भोवतीची साखळी बदलली. वरच्या हिशेबात पाहिलं तर सहाही पायऱ्या एकदम हजारात एक वरून कितीतरी खाली आणल्या. एकेक दुवा वेगळ्या वर्षी दुरुस्त करून जे दहा वर्षांत साधलं नव्हतं ते सगळे दुवे एकत्र धरल्यावर साधलं.

चाचणीची पद्धतही बदलली. आता मोजायचं ते लढाईच्या हिशेबाने. ठरावीक वेळात, वेगवेगळ्या गतीने, रायफलने १५० गोळ्या उडवायच्या, साधारण पावणेनऊ मिनिटांत. एखादा सैनिक एका चकमकीत जेवढं करेल तेवढं. हे ‘मोहीम पूर्ण झाली की नाही’ असं मोजायचं. आणि हे नुसतं इंग्लंडच्या थंड मैदानावर करून भागणार नव्हतं. कुवेतची कोरडी वाळू, ब्रुनेईचं दमट जंगल, अलास्काची गोठलेली हवा, असे तिन्ही टोकाचे प्रदेश घेतले गेले. प्रत्येक प्रदेश साखळीतला वेगळा दुवा ताणतो: थंडीत तेल घट्ट होतं आणि प्लास्टिक ठिसूळ, दमट हवेत गंज, वाळवंटात घर्षण. ए१च्या जन्माच्या वेळी याच कडकपणाने चाचण्या झाल्या असत्या तर पुढची पंधरा वर्षं वेगळी गेली असती, असं मला ठामपणे वाटतं.

अफगाणिस्तान, २००२

नवी रायफल घेऊन ब्रिटनचे रॉयल मरीन्स अफगाणिस्तानात उतरले आणि काही महिन्यांतच बातमी आली: ए२सुद्धा अडते. लंडनच्या वर्तमानपत्रांनी पुन्हा मथळे दिले. मंत्रालयाने तपासासाठी माणसं पाठवली. निष्कर्ष निघाला की देखभालीची पद्धत चुकत होती. ए२ला भरपूर तेल लागत होतं, आणि सैनिकांच्या सवयी मात्र ए१च्या काळातल्या होत्या. तेल आणि साफसफाई योग्य ठेवल्यावर रायफल व्यवस्थित चालली.

इथे वाचकाला शंका यायलाच हवी, कारण हेच उत्तर दहा वर्षांपूर्वी खोटं ठरलं होतं. फरक असा की या वेळी मंत्रालयाकडे इंग्लंडसह चार हवामानांतलं मोजमाप होतं, तेल बदलून पुन्हा गोळीबार करून दाखवला गेला, आणि पुढच्या इराक आणि अफगाणिस्तानातल्या हेल्मंडच्या वर्षांत तक्रारींचा पूर आला नाही. दोष सैनिकाचा की यंत्राचा, हे ठरवायला आधी मोजावं लागतं. १९८५ ते ९१ दरम्यान तेच झालं नव्हतं. तरी सैनिकांच्या मनातून जुनं नाव जायला वेळ लागला. ए१वर गुदमरलेला सार्जंट ए२वर शिकणाऱ्या पोरांना काय सांगणार, हे उघड आहे. यंत्र चारशे-साडेचारशे पौंडांत सुधारता आलं, विश्वासाला मात्र वर्षं लागली.

अचूकतेने वाचवलेली मशीनगन

याच घराण्यातल्या एलएसडब्ल्यूची कहाणी छोटी, पण चटका लावणारी आहे. तिचं काम होतं पथकाला सतत गोळीबाराचं छत्र देणं. लांब नळी, पुढे दुपाई, पण मॅगझिन तेच तीस गोळ्यांचं आणि नळी गरम झाली तर बदलायची सोय नाही. मशीनगन म्हणून ती अपुरी पडली, आणि ते काम पुढे बेल्जियन मिनिमीकडे गेलं. पण तिची ६४६ मिलिमीटरची नळी आणि सुसॅट मिळून एकेक गोळी इतकी नेमकी जायची की सैनिकांनी तिला लांबच्या नेमबाजाचं हत्यार बनवून टाकलं. हेल्मंडमध्ये अंतरं वाढली आणि ५.५६ कमी पडू लागलं, तेव्हा २०१० मध्ये ७.६२ची एल१२९ए१ ही खास नेमबाजाची रायफल आली आणि एलएसडब्ल्यूचं तेही काम संपत गेलं. भरवसा कमी, नेम चांगला, हा घराण्याचा स्वभाव तिच्यात सर्वांत ठळक दिसतो.

आणि उलट उदाहरण दुरुस्ती करणाऱ्यांच्याच घरी घडलं. २०१५ मध्ये जर्मनीच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायन यांनी जाहीर केलं की जी३६ तापल्यावर तिचा नेम ढळतो आणि सैन्यात तिला भवितव्य नाही. जी३६ अडत नव्हती. गोळीमागून गोळी सुटत होती, फक्त जागा बदलत होती. प्रकरण कोर्टात गेलं. कोब्लेंझच्या न्यायालयाने २०१६ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला: करारात जे मागितलं ते तिने दिलं होतं, तापलेल्या नळीची अशी कसोटी करारात नव्हती. जे गुण मोजायचे ठरवले ते मिळाले, जे ठरवले नाहीत ते मिळाले नाहीत. ब्रिटनने अचूकता मोजली आणि भरवसा सोडला. जर्मनीने भरवसा मोजला आणि तापलेल्या नळीची अचूकता सोडली.

पाषाणची रायफल

महाराष्ट्रातल्या वाचकाला या जागी भारतीय सैन्याची इन्सास रायफल आठवणार. पुण्यात पाषाणला असलेल्या डीआरडीओच्या एआरडीई संस्थेने तिचा आराखडा केला, इशापूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांनी ती बनवली. काडतूस तेच ५.५६. कारगिलच्या थंडीत १९९९ मध्ये तिची प्लास्टिकची मॅगझिनं तडकली. २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात अनेक जवान मारले गेले, तेव्हा नेपाळी सैन्याने इन्सास अडल्याचा जाहीर आरोप केला. भारताकडून उत्तर आलं की हाताळणी नीट झाली नसावी.

मला त्या उत्तराबद्दल आजही वाईट वाटतं. ते खोटं होतं असा माझा दावा नाही. पण ते उत्तर द्यायचा हक्क ब्रिटनने २००२ मध्ये उघड तपास आणि पुन्हा गोळीबार करून कमावला होता. इन्सासचे भाग वेळोवेळी सुधारले गेले, तिच्यातून एक्सकॅलिबर निघाली, पण सगळी साखळी एकदम टेबलावर घेऊन, दोन लाख नग परत बोलावून, वाळू-बर्फ-पावसात मोजून केलेली ए२सारखी दुरुस्ती तिच्या वाट्याला आली नाही. सैन्याने २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या, आणि अमेठीजवळ कोरव्यात सहा लाखांहून जास्त एके-२०३ बनवण्याचा करार २०२१ मध्ये झाला. पाषाणच्या माणसांना आपली रायफल शेवटपर्यंत नीट करण्याची संधी मिळायला हवी होती.

ए३ आणि पुढे

ब्रिटनमध्ये अचूकतेची पाळी शेवटी आली, ती २०१८ मध्ये. ए३ या नव्या रूपात वरचा सांगाडा सुधारला, त्यावर दुर्बीण वगैरे बसवायची पूर्ण लांबीची रेल आली आणि पुढचा हातधर नळीला न टेकता, मोकळा ठेवला. याचं महत्त्व मोठं. आता सैनिक पुढे लेझर, टॉर्च, दुपाई, काय काय लावतो. हातधर नळीला टेकत असेल तर त्या सगळ्याचं ओझं, हाताचा दाब, भिंतीला टेकवलेलं वजन नळीपर्यंत पोचतं आणि गोळी किंचित सरकते. मोकळी नळी दर वेळी सारखीच कंप पावते. पहिल्या पाच हजार नगांसाठी ५४ लाख पौंड मोजले गेले, म्हणजे नगामागे हजारावर. ए२पेक्षा दुपटीहून जास्त. पण ए२ने भरवसा आधी मिळवून दिला नसता, तर अडणाऱ्या रायफलच्या नळीवर एवढे पैसे घालायला कुणी धजावलं नसतं.

ए३ चालू असतानाच बुलपपला निरोप द्यायची तयारीही सुरू आहे. विशेष दलं कधीच आर्मलाइट वळणाच्या कॅनेडियन रायफलीकडे गेली, २०२३ मध्ये रेंजर आणि कमांडो पथकांसाठी नेहमीच्या घडणीची एल४०३ए१ निवडली गेली, आणि सगळ्या सैन्यासाठी नवी रायफल शोधण्याच्या प्रकल्पाचं नाव आहे ग्रेबर्न. त्यात कोण जिंकतं, रायफल किती हलकी, दुर्बीण किती हुशार, यावर बातम्या येतील. मी मात्र एवढंच शोधणार आहे: कुवेतच्या वाळूत चाचणी दिली ती रायफल कारागिरांनी हाताने घासून जुळवलेल्या पहिल्या नमुन्यांतली होती, की कारखान्याच्या रांगेतून कुणीही न निवडता उचललेली होती.